पेन्शन मंजूर आहे, पण नाव जुळत नाही : फौजींच्या घरासाठीचा सरकारी पैसा कुठे अडतो?

घाटमाथा

वडील गेले त्याच्या चौदाव्या दिवशी मी आणि आई त्यांची ट्रंक उघडून बसलो. हिरवी, लोखंडी, झाकणावर पांढऱ्या रंगाने नंबर, हुद्दा आणि नाव. बेळगावच्या सेंटरमधून त्यांच्याबरोबर निघालेली ही ट्रंक आधी पूर्वेला फिरली, मग काश्मीरला, आणि ते पेन्शनवर आल्यावर आमच्या माजघरात येऊन बसली. तळाशी ऑइलक्लॉथमध्ये गुंडाळलेलं डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, पदकं आणि दोरीने बांधलेली आंतर्देशीय पत्रं.

पत्रांवर आईचं नाव 'सौ. सुमन'. पीपीओवरही पत्नीच्या रकान्यात सुमन. आणि आईच्या आधार कार्डावर, रेशनकार्डावर, बँकेच्या पासबुकावर हौसाबाई.

आमच्याकडे लग्नात सुनेचं नाव बदलायची पद्धत होती. ताटात तांदूळ पसरले, वडिलांनी अंगठीने 'सुमन' लिहिलं, सगळ्यांना पेढे वाटले. रजा संपवून ते पलटणीत गेले आणि तिथे लग्नाची नोंद केली ती त्या तांदळातल्या नावाने. गावात मात्र तिला कुणीच सुमन म्हटलं नाही. ती हौसाच राहिली, शाळेच्या चौथीच्या दाखल्यावर होती तशी. पुढे आधार निघालं ते त्या दाखल्यावरून.

वडील २४ वर्षं नोकरी करून हवालदार म्हणून सुटले होते. फॅमिली पेन्शन आईच्या हक्काची, त्याबद्दल कुणाचाच वाद नव्हता. पण कॉम्प्युटरच्या लेखी सुमन आणि हौसाबाई या दोन वेगळ्या बायका झाल्या. अकरा महिने आम्ही हेलपाटे घातले. आमच्या गावाहून जिल्ह्याचं ठिकाण ६० किलोमीटर, सकाळच्या एसटीने जायचं आणि संध्याकाळच्या मुक्कामी गाडीने परतायचं. एका टेबलावर सांगितलं प्रतिज्ञापत्र आणा, ते नेलं तर पुढच्या टेबलावर सांगितलं राजपत्रातली नोंद हवी. आई प्रत्येक वेळी वडिलांचा पलटणीतला फोटो पिशवीत घेऊन यायची. कुणी मागितला नव्हता, तरी.

शेवटी पेन्शन सुरू झाली, मागची थकबाकीही एकरकमी मिळाली. म्हणजे पैसा पहिल्या दिवसापासून तिच्या नावावर तयार होता. मधले अकरा महिने तिने माझ्या भावाकडे औषधाला पैसे मागितले, आणि ते मागताना तिचा आवाज कसा व्हायचा ते मी कधी विसरणार नाही.

संरक्षणाच्या बजेटची चर्चा विमानं आणि पाणबुड्यांवर होते. मला या धाग्यात दुसऱ्या पैशाबद्दल बोलायचं आहे : पेन्शन, ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांची उपचार योजना, मुलांच्या शिष्यवृत्त्या, वीरपत्नींच्या योजना. काय काय आहे, कुणाला लागू होतं, आणि ते घरापर्यंत येताना कुठे अडतं? ज्यांना माहिती आहे त्यांनी लिहा. माझ्या आईसारख्या बायका आमच्या एका गावात सात आहेत.

जुना_क्लार्क

ताई, तुमच्या वडिलांना सलाम. मी स्वतः हवालदार क्लार्क म्हणून सुटलो आणि नोकरीतली निम्मी वर्षं याच कागदांवर गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जवानाच्या घरात जे काही घडतं, लग्न, मूल, मृत्यू, ते युनिटकडून 'पार्ट टू ऑर्डर'मध्ये छापलं जातं आणि तिथून रेकॉर्ड ऑफिसच्या दप्तरात जातं. पुढे पेन्शनच्या वेळी तेच नाव पीपीओवर येतं. नोंदीच्या दिवशी जवानाने जे तोंडी सांगितलं आणि क्लार्कने जसं लिहिलं, ते पन्नास वर्षं चिकटून बसतं. आणि लिहिणारा क्लार्क कुठला? पंजाबी, मल्याळी, गढवाली. 'हौसाबाई'चं स्पेलिंग चार माणसं चार प्रकारे करतील. जन्मतारखांचं तेच. आपल्याकडे त्या पिढीतल्या बायकांच्या तारखा '१ जून'च असायच्या, कारण शाळेत मास्तरांनी तशा घातल्या.

पूर्वी हे खपून जायचं. पेन्शन बँकेतून यायची, बँकेतला माणूस घरच्यांना ओळखायचा. आता 'स्पर्श' ही एकच प्रणाली आहे, प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयातून चालणारी. फायदा मोठा आहे, पेन्शन थेट खात्यात येते आणि स्वतःच्या लॉगिनमध्ये सगळं दिसतं. पण ती आधारशी नाव ताडून बघते, आणि तिथे पन्नास वर्षांपूर्वीची चूक उघडी पडते.

म्हणून ज्यांचे वडील, सासरे, नवरा हयात आहेत त्यांना हात जोडून सांगतो : पेन्शनर जिवंत असतानाच पीपीओवरचं पत्नीचं नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळवून घ्या. त्याच्या सहीने हे काम सरळ होतं. तो गेल्यावर विधवेला 'ती मीच' हे सिद्ध करावं लागतं, आणि ते फार जड जातं.

आता फॅमिली पेन्शनचे प्रकार, कारण यातही लोकांचा गोंधळ असतो. सेवेशी संबंध नसलेल्या कारणाने मृत्यू झाला तर साधी फॅमिली पेन्शन, शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. पेन्शनर ६७ वर्षांच्या आत गेला तर सुरुवातीची काही वर्षं ती ५० टक्क्यांनी मिळते. सेवेमुळे मृत्यू आला, म्हणजे ड्युटीवर अपघात, उंचीवरच्या थंडीतला आजार, तर स्पेशल फॅमिली पेन्शन, ६० टक्के. आणि शत्रूशी लढताना किंवा अतिरेक्यांविरुद्धच्या कारवाईत गेला तर लिबरलाइज्ड, शेवटच्या पगाराएवढी, १०० टक्के. तीन घरांतलं दुःख सारखंच असतं, पण कागदावर मृत्यूचं कारण काय लिहिलंय त्यावर पुढच्या चाळीस वर्षांचं घर चालतं. म्हणून कोर्ट ऑफ इन्क्वायरीचा, म्हणजे लष्करी चौकशीचा, निकाल आणि मृत्यूचं कारण यांची प्रत घरच्यांनी मागून घ्यावी. त्या दिवसांत कुणाला सुचत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी घरातल्या कुणीतरी एकाने हे लक्षात ठेवावं.

निळी_शाई

सहमत, काका. माझ्या सासूबाईंचंही हेच, फक्त त्यांच्या बाबतीत नाव बरोबर आणि तारीख चूक होती. आधारवर त्या नवऱ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या निघाल्या.

घाटमाथा ताई, फोटोचं वाचून गलबलून आलं.

ताळेबंद

धागा महत्त्वाचा आहे. थोडी वेगळी बाजू मांडतो, कुणी राग मानू नये.

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात संरक्षण मंत्रालयाला ६,८१,२१० कोटी रुपये मिळाले. त्यातले १,६०,७९५ कोटी पेन्शनसाठी, म्हणजे साधारण २३.६ टक्के. नवी शस्त्रं, विमानं, जहाजं यासाठीचा भांडवली खर्च १,८०,००० कोटी, म्हणजे २६.४ टक्के. दोन्ही आकडे जवळजवळ खेटून आहेत. आपल्या दोन सीमांवर काय चाललंय ते सगळे बघतात. हवाई दलाकडे लढाऊ विमानांच्या स्क्वाड्रन, म्हणजे तुकड्या, कमी पडताहेत हे उघड आहे. पेन्शनचा बोजा असाच वाढत गेला तर आज सीमेवर उभ्या असलेल्या पोराच्या हातात चांगलं शस्त्र द्यायला पैसा कुठून येणार? मलाही फौजींबद्दल आदरच आहे, माझे मामा कारगिलच्या वेळी द्रासला होते. पण हा प्रश्न आपण टाळू नये असं वाटतं.

पलटण७१

ताळेबंद, राग नाही. प्रश्न रास्त आहे, पण एक गोष्ट तुम्ही सोडलीत.

मी १९७१ च्या लढाईत होतो. १८ व्या वर्षी भरती झालो आणि ३७ व्या वर्षी घरी आलो. माझ्या वर्गातला एकजण तहसील कचेरीत लागला, तो ५८ पर्यंत नोकरीत होता. त्याला वीस वर्षं जास्त पगार मिळाला, बढत्या मिळाल्या, मुलांची शिक्षणं पगारात झाली. मला ३७ व्या वर्षी काढलं ते मी निकामी झालो म्हणून नाही. पायदळ तरुण लागतं म्हणून. पंधरा हजार फुटांवर पन्नाशीचा माणूस पाठीवर सामान घेऊन चढू शकत नाही. म्हणजे देशाने माझी तरुणपणीची वर्षं घेतली आणि उरलेल्या नोकरीच्या बदल्यात पेन्शन दिली. तो व्यवहार आहे, आणि तो देशाच्याच सोयीने ठरला आहे. पेन्शनला बोजा म्हणायचं तर तरुण फौजेलाही बोजा म्हणावं लागेल.

दुसरं, त्या १,६०,७९५ कोटींत संरक्षण खात्यातल्या सिव्हिलियन नोकरांचीही पेन्शन आहे. ते सगळं आमच्या वर्दीवाल्यांच्या ताटात पडत नाही.

वन रँक वन पेन्शनचंही, म्हणजे सारखा हुद्दा आणि सारखी नोकरी तर सारखी पेन्शन, सांगतो, कारण हल्लीच्या मुलांना वाटतं ती कुणीतरी खुशीने दिली. १९७३ ला तिसऱ्या वेतन आयोगाच्या वेळी जवानांच्या पेन्शनचं प्रमाण खाली आलं, तिथून ही ओढाताण सुरू झाली. त्याच हुद्द्याचा, तेवढीच नोकरी केलेला माणूस, पण आधी सुटलेल्याला कमी आणि नंतर सुटलेल्याला जास्त. २०११ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीने, भगतसिंह कोश्यारींच्या अध्यक्षतेखाली, ती द्यावी असा अहवाल दिला. २०१५ च्या उन्हाळ्यात म्हातारे फौजी जंतरमंतरला बसले. मीही आठ दिवस जाऊन बसलो होतो, सातारा आणि कोल्हापूरकडची बरीच माणसं होती. नोव्हेंबर २०१५ ला आदेश निघाला, १ जुलै २०१४ पासून लागू. दर पाच वर्षांनी फेरआखणी व्हायची, ती २०१९ ची झाली डिसेंबर २०२२ मध्ये. तोपर्यंत माझे दोन मित्र गेले होते. थकबाकी त्यांच्या बायकांना मिळाली.

ताळेबंद

काका, तरुण फौजेचा मुद्दा पटला. मी तो खर्चाच्या त्या बाजूने पाहिला नव्हता. माझं म्हणणं एवढंच की दोन्हीला पुरेसा पैसा हवा, एकाचं काढून दुसऱ्याला द्यायची वेळ येऊ नये.

खामगाव_लोकल

तरुण फौजेचं निघालंच आहे तर अग्निवीरांबद्दल लिहितो. माझा धाकटा अग्निवीर आहे.

जून २०२२ ला योजना आली तेव्हा तो सकाळी चारला उठून डांबरी रस्त्यावर पळायचा. दोन वर्षं भरतीच बंद होती करोनामुळे, वय निघून चाललं होतं. मिळेल ते घेऊ म्हणाला. पहिल्या वर्षी महिना ३०,००० पगार, त्यातले ३० टक्के सेवानिधीत कापले जातात, सरकार तेवढेच घालतं. चार वर्षांनी व्याजासकट साधारण ११.७१ लाख हातात. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. शंभरातले पंचवीस पुढे कायम होणार.

ऑक्टोबर २०२३ मध्ये आमच्या बुलढाणा जिल्ह्यातला एक अग्निवीर सियाचीनमध्ये गेला. त्या दिवशी माझ्या बायकोने चूल पेटवली नाही. लष्कराने तेव्हा कुटुंबाला काय मिळतं ते जाहीर केलं : ४८ लाखांचा विमा, ४४ लाख सानुग्रह, सेवानिधी, उरलेल्या मुदतीचा पगार, बॅटल कॅज्युअल्टी फंडातून ८ लाख. सगळं मिळून कोटीच्या वर जातं. रक्कम कमी आहे असं मी म्हणत नाही. पण फॅमिली पेन्शन नाही. त्याच चौकीवर, त्याच बर्फात शेजारी उभा असलेला नियमित जवान गेला तर त्याच्या आईवडिलांना, बायकोला दर महिन्याला पेन्शन, आणि अग्निवीराच्या घरी एकदाच पैसे. एकरकमी पैसा शेतकऱ्याच्या घरात कसा राहतो ते आपण सगळे जाणतो. कर्ज, बहिणीचं लग्न, भाऊबंदकी. महिन्याच्या महिन्याला येणारे थोडे पैसे म्हातारपणी जास्त कामाला येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीनेही कर्तव्यावर गेलेल्या अग्निवीराच्या कुटुंबाला नियमित जवानाइतकेच लाभ द्यावेत अशी शिफारस केली. ती अमलात यावी एवढंच माझं मागणं आहे.

पहिल्या तुकड्यांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीस भरताहेत. केंद्रीय पोलिस दलांमध्ये राखीव जागा सांगितल्या आहेत. माझा मुलगा फोनवर कधी हा विषय काढत नाही. मीही काढत नाही.

जुना_क्लार्क

दादा, तुमच्या मुलाला आशीर्वाद. त्याचं नॉमिनेशन एकदा तपासून घ्या. बँक खातं, विमा, सेवानिधी, तिन्हीकडे नाव आणि स्पेलिंग एकच हवं. आत्ता फोनवर दहा मिनिटांचं काम आहे.

हडपसरची_मावशी

ईसीएचएसबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. माझे यजमान सुभेदार होते.

ही योजना १ एप्रिल २००३ ला सुरू झाली. त्याआधी निवृत्त फौजीला मिलिटरी हॉस्पिटलच्या भरवशावर राहावं लागायचं, आणि तिथे सेवेतल्यांचा नंबर आधी. आता एकदाच वर्गणी भरायची, हवालदारापर्यंत ३०,०००, जेसीओला म्हणजे नायब सुभेदार ते सुभेदार मेजर यांना ६७,०००, अधिकाऱ्याला १,२०,०००, आणि नवराबायको दोघांना आयुष्यभर उपचार. १९९६ च्या आधी सुटलेल्यांना आणि युद्धातल्या वीरपत्नींना वर्गणी माफ आहे, हे बऱ्याच जणींना कुणी सांगितलेलंच नसतं. २०२५-२६ साठी या योजनेला ८,३१७ कोटी ठेवले आहेत.

पुण्यात आम्ही नशीबवान आहोत. पॉलिक्लिनिक आहेत, वानवडीचं कमांड हॉस्पिटल आहे, हातपाय गमावलेल्यांसाठी कृत्रिम अवयव केंद्र आहे, १९४४ पासूनचं. खडकीला पॅराप्लेजिक सेंटर आहे, तिथे कमरेखाली लुळे झालेले जवान राहतात. काही जण हात चालत नाहीत म्हणून तोंडात ब्रश धरून चित्रं काढतात. दिवाळीत आमच्या महिला मंडळाच्या बायका फराळ घेऊन जातात. एक जवान दरवर्षी विचारतो, चकली कुणी केली. तो आठवणीने नाव घेऊन सांगतो की मागच्या वर्षीची जास्त खुसखुशीत होती. कुणाला जमत असेल तर जरूर जा, नुसतं बोलत बसा.

आता अडचण. तीन वर्षांपूर्वी यजमानांना रात्री दोनला छातीत कळ आली. योजनेच्या यादीवरच्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये नेलं. काउंटरवर कार्ड दाखवलं तर मुलगी म्हणाली, आधी ५०,००० डिपॉझिट भरा, तुमचं बिल सरकारकडून कधी येतं ते आम्हाला माहीत आहे. मी गळ्यातली माळ काढून काउंटरवर ठेवली. माझ्या पुतण्याने ऑनलाइन पैसे भरले म्हणून ती परत उचलली. इमर्जन्सीत डिपॉझिट मागता येत नाही हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, आणि तक्रार केल्यावर पैसे परतही आले. पण हॉस्पिटलांची बिलं वेळेत चुकती झाली नाहीत तर त्याचा राग आमच्यासारख्यांवर रात्री दोन वाजता निघतो. दिल्लीत ठेवलेला पैसा वेळेत सुटणं म्हणजे काय, ते मला त्या काउंटरवर समजलं.

खेड्यातल्या बायकांचं तर आणखी अवघड. पॉलिक्लिनिक जिल्ह्याच्या गावी, रेफरल तिथून घ्यायचं, औषध संपलं की परत तिथेच.

घाटमाथा

मावशी, अगदी खरं. आईची बीपीची गोळी ज्या किमतीला मिळते त्याहून एसटीचं तिकीट आणि दिवस जास्त महाग पडतो. आम्ही ती बाहेरूनच घेतो.

टेक्सासची_वहिनी

इथे अमेरिकेत मी निवृत्त सैनिकांच्या सरकारी हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, म्हणून एकच गोष्ट लिहिते. इथे माजी सैनिकांसाठी मंत्रिमंडळात स्वतंत्र खातं आहे, १९८९ पासून. पैसा प्रचंड आहे, तक्रारीही कमी नाहीत, रांगा इथेही लागतात. पण एक गोष्ट मला फार आवडते. बहुतेक काउंट्यांमध्ये, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात, एक माणूस पगारावर नेमलेला असतो, आणि त्याचं काम एवढंच की फौजीच्या किंवा त्याच्या विधवेच्या शेजारी बसून फॉर्म भरून द्यायचा आणि पुढे त्याचा पाठपुरावा करायचा. फुकट. माझ्या वॉर्डातले म्हातारे त्या माणसाचं नाव मुलासारखं घेतात.

जुना_क्लार्क

वहिनी, तशी जागा आपल्याकडेही आहे. प्रत्येक जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कल्याण संघटक असतो, तालुक्यांत फिरून अडचणी ऐकणं हेच त्याचं काम. या कार्यालयांचा खर्च केंद्र आणि राज्य मिळून करतात, आपल्याकडे ६० टक्के केंद्राचे, ४० राज्याचे. पण फौजींची संख्या जिथे जास्त, तिथे एका संघटकाच्या वाट्याला किती गावं येतात ते बघा. पेन्शनच्या लाखभर कोटींपुढे या माणसांच्या पगाराचा खर्च काहीच नाही. मला विचाराल तर नवीन योजना काढण्याआधी ही माणसं वाढवावीत. हौसाबाईची सुमन झाल्याचं संघटकाने गावात चहा पिता पिता ओळखलं असतं.

फळ्यावरचा_खडू

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, आमचं गाव फौजींचं. अपशिंगे मिलिटरी किंवा सैनिक टाकळीएवढं नावाजलेलं नाही, पण वेशीवरच्या दगडावर पहिल्या महायुद्धापासूनची नावं आहेत.

७ डिसेंबरचा ध्वजदिन तुम्हाला आठवत असेल. लाल, गडद निळा आणि फिका निळा असे तीन पट्टे असलेला कागदी झेंडा, टाचणीने खिशाला लावायचा. १९४९ पासून हे चालू आहे. आम्ही मुलांकडून आणि शिक्षकांकडून पैसे गोळा करतो. ते पुढे जातात कुठे, हे माझं मलाच माहीत नव्हतं. मागच्या वर्षी एका म्हाताऱ्या माणसामुळे कळलं.

आमच्या गावात ८० च्या पुढचे एक आजोबा आहेत. १९६५ च्या लढाईत होते. पंधरा वर्षं पूर्ण व्हायच्या आत घरच्या अडचणीमुळे सुटून आले, म्हणून पेन्शन नाही. पंधरा वर्षांची अट फार कडक आहे. मुलगा मुंबईला, येत नाही. आजोबा शाळेच्या कट्ट्यावर बसतात आणि पोषण आहाराची खिचडी उरली तर स्वयंपाकीणबाई त्यांना वाटीभर देतात. १५ ऑगस्टला मात्र पदकं लावून सगळ्यांच्या आधी मैदानात हजर.

केंद्रीय सैनिक बोर्डाकडून अशा पेन्शन नसलेल्या, ६५ च्या पुढच्या, हवालदार हुद्द्यापर्यंतच्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना मासिक मदत मिळते. आधी ४,००० होती, नोव्हेंबर २०२५ पासून ८,००० झाली आहे. त्याच वेळी मुलांच्या शिक्षणाची मदत दोन मुलांपर्यंत दरमहा १,००० ची २,००० आणि मुलीच्या लग्नाची ५०,००० ची १ लाख केली. हा पैसा ध्वजदिन निधीतून येतो. या वाढीव मदतीचा वर्षाचा खर्च सुमारे २५७ कोटी सांगितला आहे. ताळेबंद यांनी पेन्शनचा आकडा दिलाय, त्याच्याशी ताडून पाहिलं तर हजार रुपयांमागे दीड-पावणेदोन रुपये होतात.

आजोबांचा अर्ज मी आणि माझ्या सातवीच्या वर्गातल्या एका मुलीने भरला. तिचे वडील सेवेत आहेत. अर्ज ऑनलाइन असतो, तपासणी जिल्हा कार्यालयातून होते. डिस्चार्ज बुकची पानं वाळवीने खाल्ली होती, नंबर तेवढा वाचता आला. मुलीने मोबाईलच्या उजेडात एकेक आकडा वाचला आणि आजोबा पुढचा आकडा तिच्या आधी तोंडपाठ म्हणत होते. साठ वर्षं झाली तरी नंबर विसरले नव्हते. मदत मंजूर झाली. पहिले पैसे आले तेव्हा त्यांनी शाळेत लाडू वाटले आणि माझ्याकडे ध्वजदिनाचे म्हणून १०० रुपये दिले.

शिष्यवृत्तीचंही सांगून ठेवतो. बारावीला ६० टक्के असतील आणि व्यावसायिक शिक्षणाला प्रवेश घेतला असेल तर माजी सैनिकांच्या मुलांना पंतप्रधान शिष्यवृत्ती मिळते, मुलींना महिना ३,०००, मुलांना २,५००. देशभरात वर्षाला ५,५०० जणांना. शिवाय आपल्या राज्यात जिल्ह्याच्या ठिकाणी सैनिकी मुलामुलींची वसतिगृहं आहेत. मुलींना शिकवायला शहरात ठेवायची भीती वाटणाऱ्या आईबापांना मी मुद्दाम तिथे घेऊन जातो.

निळी_शाई

खडू सर, पाणी आलं डोळ्यांत.

मला एक विचारायचं आहे. सासरे आणि सासूबाई दोघेही आता नाहीत. नणंद घटस्फोटित आहे, आमच्याकडेच राहते, उत्पन्न काही नाही. तिला काही मिळू शकतं का?

जुना_क्लार्क

मिळू शकतं. अविवाहित, विधवा आणि घटस्फोटित मुलगी, जी आईवडिलांवर अवलंबून होती, ती फॅमिली पेन्शनला पात्र असते. घटस्फोट आईवडिलांच्या हयातीत झालेला हवा, निदान दावा तरी त्यांच्या हयातीत दाखल झालेला हवा. दाव्याची तारीख दाखवणारा कोर्टाचा कागद शोधून ठेवा. त्यावर सगळं अवलंबून आहे.

निळी_शाई

दावा २०१६ चा आहे, सासूबाई २०२१ ला गेल्या. कागद आहे काका! तिला अजून सांगितलं नाही, आधी खात्री करते.

पलटण७१

एक राहिलं. माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना घरपट्टी माफ आहे, बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजनेत, २०२० पासून. ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत अर्ज द्यावा लागतो, आपोआप होत नाही. माझ्या गावात मीच जीआर छापून नेला आणि ग्रामसेवकाला दिला. त्याने वाचला आणि त्याच दिवशी ठराव घेतला. माणूस चांगला होता, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

घाटमाथा

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. काल रात्री सगळा धागा आईला वाचून दाखवला. खडू सरांच्या आजोबांपाशी आल्यावर ती म्हणाली, यांचापण नंबर मला पाठ आहे. आणि वडिलांचा नंबर तिने एका दमात म्हणून दाखवला. सुमन नावाने कुणी हाक मारलेली तिला आठवत नाही, पण तो नंबर पाठ आहे.

आमच्या गावातल्या सात जणींचं मी ठरवलं आहे. पुढच्या रविवारी शाळेत सगळ्यांना बोलावलं आहे. पीपीओ, डिस्चार्ज बुक, आधार, पासबुक, रेशनकार्ड, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, एवढं घेऊन यायचं. प्रत्येकीची नावं आणि तारखा एका वहीत शेजारी शेजारी लिहून बघणार, कुठे जुळत नाही ते. ज्यांचे नवरे अजून आहेत अशा चौघीजणीही येणार आहेत, त्यांना काकांचा प्रतिसाद छापून देणार आहे. काका, अडलं तर फोटो काढून इथे विचारू का? नंबर आणि नावं झाकून टाकीन.

जुना_क्लार्क

विचारा. रविवारी दिवसभर मोबाईलजवळ बसून राहीन. पार्ट टू ऑर्डरचा नंबर डिस्चार्ज बुकात कुटुंबाच्या पानावर बारीक अक्षरात असतो, तो आधी शोधा.

खामगाव_लोकल

ताई, मुलाचं नॉमिनेशन आज तपासलं. विम्यावर आईचं माहेरचं आडनाव पडलं होतं. तो म्हणाला उद्या सकाळी पलटणीतल्या क्लार्क साहेबांकडे जातो.